पापनिवेदनाची खिडकी आणि समुपदेशकाची खुर्ची

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्ट्युबेनव्हिल इथे फ्रान्सिस्कन हे कॅथलिक विद्यापीठ आहे. तिथे क्लिनिकल मेंटल हेल्थ कौन्सेलिंग, म्हणजे मानसिक आरोग्य समुपदेशन या विषयात पदव्युत्तर पदवी घेता येते. अभ्यासक्रमात निदान, समूह-उपचार, संशोधनपद्धती, कायदा, व्यवसायनीती असे कोणत्याही सरकारी विद्यापीठात असावेत तेच विषय दिसतात. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या कॅक्रेप या संस्थेचीच त्यालाही मान्यता आहे. फरक असा, की त्याच आवारात रोज मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) होतो आणि माणूस म्हणजे काय, याचं एक उत्तर शिकवणाऱ्यांनी आधीच मनाशी धरलेलं असतं.

आज हे सहज वाटतं. पण मनाचं दुखणं घेऊन आलेल्या माणसासमोर धर्मगुरूने बसावं की प्रशिक्षित समुपदेशकाने, यावर कॅथलिक चर्चमध्ये जवळपास शतकभर ओढाताण चालली होती. ‘श्रद्धा विरुद्ध विज्ञान’ अशी ती सांगितली जाते. मला ते अपुरं वाटतं. या दोन भूमिका आधी नीट वेगळ्या करायला शिकावं लागलं, आणि त्या वेगळ्या झाल्यावरच एका छताखाली आणता आल्या.

सुरुवात १८७९ साली धरता येईल. त्या वर्षी पोप लिओ तेरावे यांनी मध्ययुगीन विचारवंत संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाकडे परत वळण्याचं आवाहन केलं. अक्वायनसच्या मते माणूस म्हणजे देहात अडकलेला आत्मा नव्हे. देह आणि आत्मा मिळून एकच माणूस. मग देहाच्या प्रयोगशाळेत मनाचा अभ्यास करायला हरकत ती काय? बेल्जियममध्ये लूवां इथे देझिरे मर्सिए यांनी हाच धागा पकडला आणि त्यांच्या तत्त्वज्ञान संस्थेत प्रायोगिक मानसशास्त्राला जागा मिळाली. अमेरिकेत एडवर्ड पेस या धर्मगुरूने थेट जर्मनीतलं लाइपझिग गाठलं, प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रवर्तक विल्हेल्म वुंट यांच्या हाताखाली १८९१ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि परतल्यावर वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. १८९२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अगदी पहिल्या सदस्यांमध्ये ते होते. म्हणजे चर्च या शास्त्राला सुरुवातीपासून घाबरत होतं, हा समज खरा नाही.

पेस यांचे विद्यार्थी थॉमस व्हर्नर मूर. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस. १८७७ साली केंटकीत जन्म, पॉलिस्ट या कॅथलिक संघात धर्मगुरूची दीक्षा, पेस यांच्याकडे मानसशास्त्रात डॉक्टरेट, नंतर लाइपझिग. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मनोविकाराने पिडलेल्या माणसाला मदत करायची तर वैद्यक यायला हवं, म्हणून १९१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून त्यांनी डॉक्टरची पदवीही घेतली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या प्रॉव्हिडन्स रुग्णालयात त्यांनी मानसिक आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तिथे रुग्णही येत आणि विद्यार्थीही शिकत. वर्गातला सिद्धांत आणि समोर बसलेला माणूस यांची गाठ घालून देणारं कॅथलिक प्रशिक्षण अमेरिकेत खऱ्या अर्थाने इथे रुजलं, असं म्हणायला हरकत नाही.

मूर पुढे बेनेडिक्टाइन या मठवासी संघात गेले. १९२६ मध्ये त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींसाठी सेंट गर्ट्रूड ही शाळा सुरू केली. या शाळेशी एक दुःखद आठवण जोडलेली आहे. भावी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी काही काळ तिथे होती. १९४१ साली वडिलांच्या निर्णयावरून तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया झाली आणि तिचं चालणं-बोलणं हिरावलं गेलं. तिचं उरलेलं बहुतेक आयुष्य विस्कॉन्सिनमध्ये फ्रान्सिस्कन सिस्टर्सच्या देखरेखीखाली गेलं. पुढे ऑक्टोबर १९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठाल्या मनोरुग्णालयांऐवजी वस्तीजवळ उपचार मिळावेत, हा त्यामागचा हेतू होता. या केंद्रांना माणसं हवी होती आणि मानसिक आरोग्य समुपदेशक हा वेगळा व्यवसाय त्या गरजेतून आकाराला आला.

पण त्याआधी १९४७ चं वर्ष. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये मॉन्सिन्योर ही मानाची पदवी असलेले धर्मगुरू फुल्टन शीन यांनी फ्रॉइडच्या मनोविश्लेषणावर कडाडून टीका केली. अपराधभाव ही केवळ भ्रांती मानणाऱ्या उपचारापेक्षा पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणं, श्रेष्ठ, असा त्यांचा रोख होता. त्या प्रवचनाच्या निषेधार्थ एका कॅथलिक रुग्णालयातल्या मुख्य मनोविकारतज्ज्ञाने राजीनामा दिला. आपला आक्षेप साऱ्या मनोविकारशास्त्रावर नसून एका विचारसरणीवर आहे, असा खुलासा शीन यांनी नंतर केला. पण वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिला तो वाद. विशेष म्हणजे मूर जिथे प्राध्यापक होते, त्याच कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये शीन तत्त्वज्ञान शिकवत होते. त्याच वर्षी मूर यांनी प्राध्यापकी सोडली आणि ते स्पेनमधल्या मिराफ्लोरेसच्या कार्थुशियन मठात मौनव्रती म्हणून दाखल झाले. एका आवारातले दोन धर्मगुरू: एकाने मनोरुग्ण तपासण्यात हयात घालवली, दुसरा व्यासपीठावरून इशारा देत होता. सामान्य कॅथलिक कुटुंबाच्या कानावर दुसऱ्याचाच आवाज जास्त पडला. डॉक्टरकडे जायला लाजणाऱ्या किती जणांची वर्षं त्यात वाया गेली असतील, या विचाराने मन खिन्न होतं.

रोमची, म्हणजे पोपची, भूमिका मात्र त्याहून समजूतदार होती. एप्रिल १९५३ मध्ये मानसोपचार आणि क्लिनिकल मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसमोर पोप पायस बारावे यांनी या कामाला शुभेच्छा दिल्या, आणि अपराधभावाबाबत एक महत्त्वाचा भेद केला. अकारण, रोगट अपराधभाव असतो, त्यावर उपचार हवा. खरोखर काही चुकल्यामुळे येणारा अपराधभावही असतो, आणि तो कोणत्याही उपचाराने पुसला जात नाही. १९५८ मध्ये उपयोजित मानसशास्त्रज्ञांसमोर बोलताना त्यांनी माणसाच्या अंतर्मनावर त्याचा स्वतःचा हक्क असतो आणि संमतीशिवाय तिथे कुणी शिरू नये, हे स्पष्ट केलं. आजच्या समुपदेशकाला संमती आणि गोपनीयतेचे जे धडे शिकवले जातात, त्यांचाही गाभा हाच आहे.

तरी वाट सरळ नव्हतीच. १९६१ मध्ये व्हॅटिकनच्या होली ऑफिसने, म्हणजे धर्मतत्त्वांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याने, धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना मनोविश्लेषक म्हणून काम करायला मनाई केली. मग दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची महासभा, झाली आणि तिच्या १९६५ च्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजाने धर्मसेवेत ईश्वरविज्ञानाबरोबर मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही उपयोग करावा असं सांगितलं. एवढ्या चार वर्षांत वारं फिरलं.

त्या मधल्या काळात येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाच्या दोन विद्यापीठांत शांतपणे काम चालू होतं. फोर्डमचे फादर विल्यम बिअर यांनी कॅथलिक मानसशास्त्रज्ञांची संघटना बांधली. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले फादर चार्ल्स करन हे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचे विद्यार्थी. सल्ला देण्याआधी ऐकून घ्या, समोरच्याच्या शब्दांतली भावना ओळखा, ही रॉजर्स यांची शिकवण त्यांनी कॅथलिक शिक्षणात आणली. उपदेशाची सवय असलेल्या धर्मगुरूंसाठी हा मोठाच बदल होता. (मराठीत आपण याला समुपदेशन म्हणतो खरं, पण त्या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि या व्यवसायात पहिल्यांदा सोडायला शिकवतात तो उपदेशच.)

यानंतर जे झालं त्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ’लेक्स इथे कॅथलिक विद्यापीठांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन चर्चच्या अधिकारापासून शैक्षणिक स्वायत्तता जाहीर केली. त्यामुळे त्यांच्या मानसशास्त्र विभागांचा दर्जा वाढला, पण इतर विद्यापीठांपेक्षा त्यांचं वेगळेपण फारसं उरलं नाही. बिअर यांची संघटनाही सर्वधर्मीय झाली आणि तिचा वारसा १९७६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, धर्माच्या मानसशास्त्राला वाहिलेल्या, छत्तिसाव्या विभागात विलीन झाला. प्रोटेस्टंटांनी मात्र १९६५ सालीच कॅलिफोर्नियाच्या फुलर सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेत श्रद्धा आणि मानसशास्त्र एकत्र शिकवणारी पदव्युत्तर शाळा काढली होती. कॅथलिकांकडे विद्यापीठांची रांग असूनही असा प्रयत्न उशिरा झाला.

त्याच सुमारास व्यवसायाची चौकट ठरत होती. १९७६ मध्ये व्हर्जिनियाने समुपदेशकांना परवाना देणारा कायदा लागू केला. असं करणारं ते पहिलं राज्य. शेवटच्या क्रमांकावर कॅलिफोर्निया आलं, तेही २००९ मध्ये. १९८१ मध्ये कॅक्रेप स्थापन झाली. आज तिच्या नियमांनुसार या पदवीला किमान ६० क्रेडिट लागतात. शिवाय १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे सुरुवातीचा सराव, त्यातले ४० तास प्रत्यक्ष अशिलांसोबत (मदतीसाठी आलेल्यांसोबत), आणि नंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० तास प्रत्यक्ष. हे सगळं अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली. कॅथलिक संस्थेलाही यात सूट नाही, आणि नसावीच.

व्हर्जिनियातच १९९९ मध्ये इन्स्टिट्यूट फॉर द सायकॉलॉजिकल सायन्सेस सुरू झाली. तिला आता डिव्हाइन मर्सी युनिव्हर्सिटी म्हणतात. अक्वायनसकडून आलेली माणसाची संकल्पना आणि आजचे उपचार यांचा सांधा जुळवणं हेच तिचं घोषित ध्येय. आधुनिक मानसशास्त्राने ‘स्व’ला देव्हाऱ्यात बसवल्याची टीका सत्तरच्या दशकात करणारे पॉल व्हिट्झ तिथे शिकवू लागले. विल्यम नॉर्डलिंग आणि क्रेग टायटस यांच्यासह त्यांनी २०२० मध्ये माणसाचं एक कॅथलिक-ख्रिस्ती प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यात माणूस एकाच वेळी निर्मिलेला, पतित आणि तारलेला मानला आहे. निदानाच्या यादीपलीकडे जाऊन त्याची नाती, सद्गुण, जीवनातलं पाचारण (ईश्वराची हाक) हेही पाहायचं. वर्तनोपचार किंवा खेळातून उपचार यांसारख्या पद्धती बाहेरच्याच. त्यांचं उद्दिष्ट मात्र या चित्रावर तपासून घ्यायचं.

यातली सर्वांत अवघड शिकवण हद्दीची आहे. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूने कोणत्याही कारणाने उघड करायचं नाही. तसं थेट केलं तर त्याला आपोआप बहिष्काराची शिक्षा होते. समुपदेशकाची गोपनीयता वेगळी. मुलावर अत्याचार होतोय किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर कायद्याने त्याला बोलावंच लागतं आणि हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं लागतं. समुपदेशक पापक्षमा देऊ शकत नाही. धर्मगुरू नैराश्याचं निदान करू शकत नाही. शिवाय अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेप्रमाणे समुपदेशकाने स्वतःची मूल्यं अशिलावर लादायची नाहीत, आणि केवळ मूल्यं जुळत नाहीत म्हणून त्याला दुसरीकडे पाठवायचंही नाही. श्रद्धावान विद्यार्थ्यासाठी हा कसोटीचा क्षण असतो. माझ्या मते प्रशिक्षणाची खरी परीक्षा इथेच होते.

हद्दी पुसल्या की काय होतं, हे चर्चने फार मोठी किंमत मोजून पाहिलं. २००२ मध्ये बोस्टनमधली धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराची प्रकरणं उघडकीस आली. २००४ च्या जॉन जे कॉलेजच्या अहवालात १९५० ते २००२ दरम्यान ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याचं आणि आरोप करणाऱ्यांची संख्या १०,६६७ असल्याचं नोंदवलं गेलं. अनेक बिशपांनी अशा माणसांना उपचारकेंद्रात पाठवून, ‘बरा झाला’ असं मानून पुन्हा कामावर घेतलं होतं. तिथे पाप, गुन्हा आणि आजार या तीन गोष्टींची सरमिसळ झाली आणि पीडित मुलांकडे कुणी पाहिलंच नाही. आघातातून गेलेल्यांसोबत काम करायला शिकणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्याला हा इतिहास टाळून पुढे जाता येणार नाही.

उलट दिशेनेही काही सरकलं. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारलं होतं. १९८३ च्या कायद्यातून ती तरतूद गेली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते हे मान्य केलं आणि तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. शोक करणाऱ्या आईबापांसमोर बसलेल्या समुपदेशकाला हा बदल ठाऊक असणं गरजेचं आहे, कारण त्यांच्या मनात अनेकदा जुनाच नियम रुतून बसलेला असतो.

१ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात मानसिक आरोग्य समुपदेशकांचा समावेश झाला. ही योजना प्रामुख्याने ६५ वर्षांवरच्यांसाठी आहे. शीन यांचं प्रवचन गाजलं तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुलं आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या कुणी आज एखाद्या कॅथलिक विद्यापीठात शिकलेल्या समुपदेशकाची वेळ घेतली, तर तिचा बराचसा खर्च विमा उचलू शकतो. आणि बोलता बोलता त्यांनी पापनिवेदनाचा विषय काढलाच, तर त्यासाठी धर्मगुरूकडे कधी जायचं हे त्या समुपदेशकाला नीट शिकवलेलं असतं.