आवाज येतो, शब्द कळत नाही

टीव्हीचा आवाज वाढवला तरी संवाद कळत नाहीत. घरातलं कुणी मोठ्यानं बोललं तर 'ओरडू नकोस, नीट बोल' असं म्हणावं लागतं. अशा वेळी कान सरसकट मंद झालेला नसतो. बहुधा फक्त उंच पट्टीतले आवाज गेलेले असतात.

बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वरांची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या) खाली असते. स, श, च, फ यांची फुसफुस मुख्यतः ३००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात येते, तीही हलकी. ती गेली की 'सहा' आणि 'दहा', 'साठ' आणि 'आठ' यांत घोळ होतो. समोरचा ओरडतो तेव्हा स्वरच मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. त्यापेक्षा समोर येऊन, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोललेलं कळतं.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची, शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यातला पडदा तळाशी अरुंद आणि ताठ, शेंड्याकडे रुंद आणि सैल. म्हणून उंच आवाज तळाशी उमटतात, खर्जातले शेंड्याशी. पडद्यावर सुमारे ३५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या रोमपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी, असतात. बाहेरच्या पेशी लांबीनं कमीजास्त होत हलका आवाज वाढवून देतात. आधी मरतात त्याच, आणि तळाकडून. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, पक्ष्यांत उगवतात.

तळच का? प्रत्येक आवाज तिथून जातो म्हणून तो भाग उंबऱ्यासारखा झिजतो, असं सांगितलं जातं. हे पटण्यासारखं असलं तरी पुरेसं नाही. जेंटामायसिन (प्रतिजैविक) किंवा सिस्प्लॅटिन (कर्करोगावरचं औषध) ही रक्तातून येतात, तरी त्यांचाही पहिला घाव तळावरच बसतो. म्हणजे तिथल्या पेशी मुळातच नाजूक.

घरी अंदाज घ्यायचा तर वायरचा हेडफोन आणि एकेका पट्टीचा नुसता सूर असलेल्या वेव्ह (न दाबलेल्या) फाइल घ्या. १००० हर्ट्झला आरामात ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. एकेका कानाला ८०००, १०,०००, १२,००० असं वर जा. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये १६,००० च्या वरचं सहसा कापलेलं असतं. तिथे दोष कानाचा नाही. फाइल सुरू होताना येणारी 'टक' म्हणजे तो सूर नव्हे. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवणं सगळ्यात वाईट: ऐकू न येणारा सूरही कानावर तेवढ्याच जोरानं आदळतो.

पन्नाशीत १४,००० ऐकू न येणं हा आजार नाही. खरा प्रश्न ८००० च्या खाली सुरू होतो आणि ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणतपासणीचा आलेख, तिथलंच, २५० ते ८००० हर्ट्झ, मोजतो. रेघ खाली जाते तितकी श्रवणशक्ती कमी. मोठ्या माणसात २५ डेसिबलपर्यंत ठीक धरतात. वयामुळे रेघ उजवीकडे, म्हणजे उंच आवाजांकडे, उतरत जाते. ४००० ला खड्डा आणि ८००० ला पुन्हा वर, असं दिसलं तर कारखाना, फटाके, डीजे यांची चौकशी करावी.

श्रवणयंत्र याच उतारानुसार जुळवून घ्यावं लागतं. सगळेच आवाज सारखे वाढवणारं स्वस्त यंत्र खर्ज फुगवतं, आणि ते पेटीत पडून राहतं.

एकाच कानाचं ऐकणं एकदोन दिवसांत गेलं तर मात्र वयावर ढकलू नका. मळ आहे असं समजून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो.