कॉलेज फुटबॉलमधली फाटाफूट आणि 2036 पर्यंतची सही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण 1984 पर्यंत राष्ट्रीय संघटनेच्या मुठीत होतं. कुणाचे सामने किती वेळा दाखवायचे, हेही तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला आणि ही मक्तेदारी मोडली. मग विद्यापीठांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, आपापले हक्क विकू लागले. पुढच्या बारा वर्षांत साउथवेस्ट कॉन्फरन्स बुडाली, बिग ट्वेल्व्ह ही नवी उभी राहिली. ती कहाणी रंजक आहे, पण विद्यापीठांनी कॉन्फरन्स बदलण्यावरून अलीकडे झालेल्या भांडणाचं मूळ केबलच्या बिलात सापडतं.

बिग टेन या कॉन्फरन्सने 2007 मध्ये स्वतःची वाहिनी काढली. सदस्य विद्यापीठाच्या राज्यातल्या केबल ग्राहकामागे महिन्याला डॉलरच्या आसपास मिळायचं, बाहेरच्या ग्राहकामागे काही सेंट. तो सामना बघतो की स्वयंपाकाचा कार्यक्रम, याच्याशी देणंघेणं नव्हतं. मेरिलँड आणि रट्गर्सला 2014 मध्ये दार उघडलं ते काही मैदानावरच्या पराक्रमामुळे नाही. एकाच्या मागे वॉशिंग्टन-बाल्टिमोरची घरं होती, दुसऱ्याच्या मागे न्यूयॉर्क-न्यू जर्सीची.

मेरिलँड निघालं ते एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधून. एसीसीने सप्टेंबर 2012 मध्ये बाहेर पडण्याची फी पाच कोटी डॉलरच्या वर नेली होती. विरोधात मतं दोनच पडली, मेरिलँड आणि फ्लोरिडा स्टेटची. दोन महिन्यांत मेरिलँडने रामराम ठोकला आणि शेवटी 3.14 कोटींत सुटका करून घेतली. नुसत्या फीने कुणी थांबत नाही हे उघड झालं, म्हणून एप्रिल 2013 मध्ये ‘ग्रँट ऑफ राइट्स’ आलं.

या करारानुसार आपल्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क विद्यापीठ कॉन्फरन्सच्या नावे करतं. ते सोडून गेलं तरी हक्क मागेच राहतात. म्हणजे नव्या कॉन्फरन्सला सदस्य मिळतो, पण त्याचे घरचे सामने तिला विकता येत नाहीत. मग त्याला घेईल कोण? 2016 मध्ये स्वतंत्र वाहिनीच्या बदल्यात या कराराची मुदत 2036 पर्यंत वाढली. दोन्ही वेळा सह्या सगळ्यांनी केल्या, फ्लोरिडा स्टेटनेही. पुढच्या ‘आम्हाला अडकवलं’ या ओरड्याच्या वेळी हे सोयीस्कर विसरलं गेलं.

बाजारभाव मात्र चढत गेला. 2022 मध्ये बिग टेनने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा करार 2024 मध्ये संपत होता, त्यामुळे तिथे अडवणारं कुलूपच उरलं नव्हतं. मुख्यतः स्ट्रीमिंगवर बेतलेला नवा प्रस्ताव सदस्यांपुढे आला आणि 4 ऑगस्ट 2023 या एका दिवसात पाच विद्यापीठांनी काढता पाय घेतला. आधीची आणि नंतरची गळती धरून शेवटी मागे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढीच राहिली. पॅसिफिक किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली चक्क अटलांटिक कोस्टमध्ये गेली, तीही सुरुवातीला वाहिनीच्या पैशातला साधारण 30 टक्केच वाटा घेऊन. बाकीच्या खेळांतल्या मुलामुलींच्या विमानप्रवासाचा विचार किती झाला असेल, हे नकाशा बघून कळतं.

त्याच डिसेंबरमध्ये फ्लोरिडा स्टेट कोर्टात गेलं. बाहेर पडायचा खर्च 57.2 कोटी डॉलर होतो आणि हा दंडच आहे, असा त्यांचा दावा. कॉन्फरन्सने आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायनात खटला भरून ठेवला होता. मार्च 2024 मध्ये क्लेम्सननेही स्वतंत्र खटला भरला. ‘ग्रँट ऑफ राइट्स’ वैध की नाही, याचा अंतिम निकाल लागलाच नाही. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली: वाहिनीच्या पैशातले 60 टक्के प्रेक्षकसंख्येनुसार, उरलेले समान वाटून. बाहेर पडण्याची फी दरवर्षी उतरत 2030-31 मध्ये 7.5 कोटींवर येईल, आणि ती भरणाऱ्याला आपले हक्क सोबत नेता येतील. बिग टेनचा सध्याचा करारही नेमका त्याच सुमारास, 2030 मध्ये संपतो.