मध्यमदाब स्विचगिअर : प्रकार आणि तुलना

मध्यमदाब (दाब म्हणजे इथे व्होल्टेज) स्विचगिअर म्हणजे साधारण १ ते ५२ किलोव्होल्टच्या जाळ्यात प्रवाह जोडणारी, तोडणारी आणि दोष आलेला भाग वेगळा काढणारी उपकरणे. त्यांची तुलना करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : प्रवाह तोडताना संपर्कांत पेटणारी ठिणगी, म्हणजे आर्क, कशात विझतो आणि बसबारभोवती (प्रवाह वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांभोवती) इन्सुलेशन कशाचे आहे. ‘गॅस पॅनेल’ म्हटल्या जाणाऱ्या पुष्कळ पॅनेलांत वायू फक्त इन्सुलेशनपुरता असतो, ब्रेकर, म्हणजे दोषाचा प्रवाह तोडणारा स्विच, मात्र व्हॅक्यूमचाच (निर्वात) असतो.

तेलाचे ब्रेकर आता मागे पडले आहेत. दर ट्रिपला (दोषावर ब्रेकर उघडला की) तेलात कार्बन साठतो, त्याची इन्सुलेशन क्षमता घटते आणि आगीची भीती कायम राहते.

व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये ११ किलोव्होल्टला संपर्कांतले सुमारे १० मिलिमीटर अंतर पुरते. प्रवाह शून्यावर येताच धातूची वाफ संपर्कांवर आणि कवचावर गोठते व आर्क विझतो. अशा ब्रेकरची यंत्रणा साधारण दहा हजार वेळा चालते. उणिवा दोनच, पण लक्षात ठेवण्याजोग्या. संपर्क ज्या बंद बाटलीत असतात तिच्यातला व्हॅक्यूम गेला तरी बाहेरून दिसत नाही. संपर्क उघडे ठेवून त्यांच्यात उच्चदाब चाचणी घ्यावी लागते. शिवाय मोटारीसारखा थोडा प्रेरकीय प्रवाह शून्यावर येण्याआधीच तुटू शकतो आणि व्होल्टेजचा लोट उसळतो. अशा फीडरवर (पुरवठ्याच्या शाखेवर) हा लोट आवरणारा सर्ज अरेस्टर किंवा रोधक-धारित्र (रेझिस्टर-कपॅसिटर) संच बसवावा.

एसएफ-६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायूच्या ब्रेकरमध्ये आर्क सौम्यपणे विझतो आणि वायूचा दाब मापकावर वाचता येतो. मात्र हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारांहून अधिक पट तापमानवाढ घडवतो. आर्कमुळे त्याचे विघटन होऊन विषारी पदार्थ उरतात, म्हणून टाकी उघडताना श्वसनसंरक्षण व हातमोजे लागतातच. युरोपीय संघाने २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या उपकरणांत त्याच्या वापरावर १ जानेवारी २०२६ पासून, काही अपवाद वगळून, बंदी घातली आहे.

लोड ब्रेक स्विच भारप्रवाह तोडतो, शॉर्ट सर्किटचा प्रवाह नाही. ते काम फ्यूजचे. एक फ्यूज उडाला की त्याची स्ट्रायकर पिन (फ्यूजमधून बाहेर उडणारी खीळ) स्विचच्या तिन्ही फेज उघडते; त्यानंतर तिन्ही फ्यूज बदलावेत, कारण उरलेले दोन आतून अर्धवट वितळलेले असू शकतात. छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी ही जोडी पुरेशी व स्वस्त. आयसोलेटर (जाळ्याचा भाग वेगळा करणारा साधा स्विच) मात्र भारावर कधीही उघडू नये. त्यात आर्क विझवण्याची सोयच नसते.

हवेच्या इन्सुलेशनच्या पॅनेलात ब्रेकर ट्रॉलीवर बाहेर काढता येतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी. जागा जास्त लागते. वायूबंद पॅनेल (ज्यातले भाग वायू भरलेल्या बंद टाकीत असतात) अरुंद असते, धूळ व ओलाव्याला दाद देत नाही. पण टाकीत बिघाड झाला तर अख्खा संच बंद ठेवावा लागू शकतो. समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर हवा विरळ होते, तिथे हवेच्या पॅनेलाची इन्सुलेशन पातळी वाढवून मागावी लागते.

हवेच्या पॅनेलात सर्वाधिक त्रास दमटपणाचा. केबल कप्प्यातला हीटर बंद पडला की इन्सुलेटरवर पाणी धरते, अंशतः विसर्जन (पृष्ठभागावर बारीक विद्युत ठिणग्या) सुरू होते, ओझोनचा उग्र वास येतो आणि पांढरी भुकटी दिसू लागते. तोवर पृष्ठभागावर कार्बनची रेघ उमटली असेल तर पुसून भागत नाही, इन्सुलेटर बदलावाच लागतो.