'द' लावताना ऐकणाऱ्याकडे बघा

'पहिल्यांदा उल्लेख आला की अ, दुसऱ्यांदा आला की द.' गोव्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांना इंग्रजी आर्टिकल्सचा हा नियम पाठ असतो. नियम पुष्कळदा लागू पडतो, पण त्यामागचं कारण कुणी सांगत नाही. म्हणून मुलं पुढे कॉलेजात गेली तरी अडखळतात.

पंचायतीतून घरी आलेला माणूस पहिल्याच वाक्यात म्हणतो, 'आय मेट द सरपंच.' सरपंचाचा विषय आधी निघालेला नाही, तरी 'द' बरोबर. तोच माणूस एखाद्या पंचाला भेटला असेल तर 'आय मेट अ पंच' म्हणेल. पंचायतीत सरपंच एकच, पंच अनेक. पहिल्या वाक्यावर 'कुठला सरपंच?' असं घरचं कुणी विचारणार नाही. दुसऱ्यावर 'कुठला पंच?' हा प्रश्न येणारच. बोलणारा कशाबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला नेमकं ओळखता येईल का, एवढंच आर्टिकल सांगतं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९०५ मध्ये 'द'चा अर्थ तर्कशास्त्रात बसवला: अशी वस्तू आहे, आणि ती एकच आहे. पण मला स्वतःला जास्त आवडते ती भाषाशास्त्रज्ञ आयरीन हाइम यांची १९८२ च्या प्रबंधातली मांडणी. त्यांच्या मते संभाषण चालू असताना ऐकणारा मनात जणू कार्डं लिहीत असतो. 'अ' म्हणजे नवं कार्ड काढ. 'द' म्हणजे आधीचं कार्ड शोध आणि त्यावरच पुढचं लिही. आता हे बघा: 'आय गॉट इन्टू अ बस. द कंडक्टर वॉज आस्लीप.' कंडक्टरचं कार्ड आधी नव्हतं, तरीही 'द'. कारण बसचं कार्ड निघालं की तिच्या कंडक्टरचं कार्ड त्याला जोडून घेता येतं. पण तिथेच 'द पॅसेंजर' म्हटलं तर ऐकणारा थबकेल, कारण बसमध्ये प्रवासी पुष्कळ. पाठ केलेला नियम इथे काहीच मदत करत नाही.

हा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. 'फ्रिजमध्ये बांगडा आहे' आणि 'बांगडा फ्रिजमध्ये आहे' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात बांगड्याची बातमी आहे, तो ऐकणाऱ्याला नवा. दुसरं वाक्य सकाळी बाजारातून आणलेल्या, दोघांनाही ठाऊक असलेल्या बांगड्याचं. इंग्रजीत पहिल्याला 'अ' लागेल, दुसऱ्याला 'द'. फ्रिजला मात्र दोन्हीकडे 'द', कारण घरात फ्रिज एकच. आपण जे काम शब्दांच्या क्रमाने करतो, ते इंग्रजी एका छोट्या शब्दाने करते. त्यामुळे आर्टिकल नसलेल्या भाषेत नेमकेपणा नसतो, हा समज निराधार आहे. संस्कृत, लॅटिन, रशियन यांतही आर्टिकल्स नाहीत. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली ती रशियनमध्येच. आणि याच्या उलट, संस्कृत हीच संगणकाला सर्वांत योग्य भाषा, असे जे संदेश फिरतात त्यांनाही तितकाच कमी आधार आहे.

आर्टिकल्स मुळात आली कुठून? इंग्रजीतला 'द' जुन्या इंग्रजीतल्या 'तो, ती, ते' अशा दर्शक शब्दांतून आला आणि 'ॲन' हा 'एक' या अर्थाच्या शब्दातून. पोर्तुगीजमधले 'ओ' आणि 'आ' लॅटिनच्या 'तो, ती' यांतून घडले. आपणही गोष्ट सांगताना 'एक राजा होता, तो राजा...' असंच म्हणतो. फक्त मराठीत ते सक्तीचं झालं नाही.

काही ठिकाणी मात्र निव्वळ रूढी आहे, तिथे तर्क शोधत बसू नये. नदीला 'द' लागतो, शहराला नाही: 'द मांडवी', 'द झुआरी', पण नुसतं 'पणजी'.

राहिला प्रश्न 'अ' आणि 'ॲन'चा. इथे स्पेलिंग बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. म्हणून 'ॲन एमएलए', पण 'अ मेंबर'. 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. मूळ रूप 'ॲन' हेच. पुढे व्यंजन आलं की त्यातला न गळू लागला. या न मुळे लोकांचाही गोंधळ उडाला. स्वयंपाकघरातला एप्रन पूर्वी 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' ऐकणाऱ्यांनी ते 'ॲन एप्रन' असं तोडलं, आणि तो न कायमचा आर्टिकलकडे गेला.