प्लाझ्मिड डीएनएचा पीळ आणि दुहेरी सर्पिलाचे उलगडणे

आमच्या प्लाझ्मिड डीएनएच्या (जिवाणूंमधील लहान, वर्तुळाकार डीएनएच्या) प्रत्येक नळीवर ‘सुपरकॉइल्ड’, म्हणजे स्वतःभोवती वेटोळे घातलेला, असा उल्लेख असतो. हा उल्लेख शुद्धतेचा नव्हे, तर रेणूत साठलेल्या ताणाचा आहे. तो ताण टिकला, तरच डीएनएचे दोन धागे आपल्या प्रयोगात सहजपणे सुटतील.

ताणरहित दुहेरी सर्पिलाचा एक वेढा साधारण 10.5 बेस-जोड्यांचा (दोन धाग्यांना जोडणाऱ्या ‘पायऱ्यां’चा) असतो, म्हणजे 4200 जोड्यांच्या वर्तुळाकार प्लाझ्मिडमध्ये सुमारे 400 वेढे भरतात. जिवाणूतून काढलेल्या प्लाझ्मिडमध्ये मात्र त्यांपैकी सुमारे 6 टक्के, म्हणजे चोवीसेक वेढे कमी असतात. वर्तुळाला मोकळे टोक नसल्यामुळे ही तूट भरून निघण्यास वाव राहत नाही आणि, दोन्ही टोके धरून पीळ दिलेली दोरी सैल सोडताच स्वतःभोवती गुंडाळते, तसा हा रेणू वेटोळे घालतो. यालाच ऋण सुपरकॉइल म्हणतात. अशा रेणूचे धागे एखाद्या ठिकाणी दहा-अकरा जोड्यांपुरते सुटले, की एका वेढ्याची तूट तेथेच सामावते आणि ताण हलका होतो. म्हणून ए-टी (अ‍ॅडेनीन-थायमीन) जोड्या अधिक असलेला, मुळातच कमी घट्ट बांधलेला भाग आधी उघडतो.

धन सुपरकॉइलमध्ये, म्हणजे वेढे जास्त झाल्यावर, याच्या नेमके उलट घडते. डीएनएची प्रत तयार होत असताना पुढच्या भागातील पीळ घट्ट होत जातो, आणि तो वेळीच काढला नाही तर उलगडणे थांबते. जिवाणूंमध्ये हा पीळ काढण्याचे मुख्य काम डीएनए गायरेज हे विकर करते, जे मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये शोधले. ते दोन्ही धागे कापते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा सांधते. एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या ऊर्जेवर चालणाऱ्या या कामात प्रत्येक खेपेला दोन वेढ्यांचा फरक पडतो. इतक्या वर्षांनंतरही आम्हाला ही योजना विलक्षण वाटते.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. डीएनएचा पीळ मात्र दोनपैकी एका धाग्यात एकच छेद पडला तरी निघून जातो, कारण तुटलेला धागा दुसऱ्याभोवती मोकळा फिरू शकतो. त्यामुळे नळी वारंवार गोठवू आणि वितळवू नये. पहिल्याच दिवशी लहान भाग करून ते उणे 20 अंश सेल्सिअसला ठेवावेत. विजेच्या प्रवाहाने डीएनएचे रेणू सरकवून वेगळे करणाऱ्या अ‍ॅगारोज जेलवर सुपरकॉइल्ड डीएनएची पट्टी सहसा सर्वांत पुढे जाते आणि छेद पडलेल्या वर्तुळाची सर्वांत मागे राहते. ही मागची पट्टी ठळक होऊ लागल्यास, डीएनएचे एकूण प्रमाण तेवढेच भरत असले तरी, उलगडण्यावर अवलंबून असलेल्या प्रयोगासाठी तो नमुना वापरू नये.