शिवराय चौथीत, शिवराय सातवीत: सर्पिल पद्धत आली कुठून?

महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळेत शिकलेल्यांना पुस्तकातले शिवराय दोनदा भेटतात. चौथीत अफजलखान, आग्र्याहून सुटका, तानाजी. सातवीत तेच शिवराय, पण आता शिवपूर्वकाळ आणि राज्यकारभारही सोबत. 'हे तर झालंय की!' असं वर्गात हमखास कोणीतरी म्हणतं. झालेल्याकडेच काही वर्षांनी अधिक खोलात जाऊन वळायचं, या मांडणीला सर्पिल पद्धत म्हणतात. समकेंद्री पद्धतीशी तिची गल्लत होते. समकेंद्रीत घर, गाव, जिल्हा, राज्य असा परीघ वाढत जातो. आपल्याकडची तिसरीची जिल्हावार पुस्तकं त्यातलीच. सर्पिलात परीघ नाही, समज वाढायला हवी.

गंमत म्हणजे या कल्पनेचा जन्म सामाजिक शास्त्रांच्या काळजीतून झालेला नाही. ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि आपली मुलं विज्ञानात मागे पडली म्हणून अमेरिकेत एकच ओरड झाली. सप्टेंबर 1959 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे साधारण पस्तीस जाणकार जमले. त्यांत भरणा वैज्ञानिकांचा आणि मानसशास्त्रज्ञांचा. अध्यक्ष होते मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर. या चर्चेतून 1960 साली आलेल्या त्यांच्या छोट्या पुस्तकात सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना आहे. कोणताही विषय, त्याच्याशी प्रामाणिक राहून, कोणत्याही वयाच्या मुलाला शिकवता येतो, हा त्यांचा दावा.

सामाजिक शास्त्रांत हे रुजवण्याचं काम कॅलिफोर्नियात शिक्षणतज्ज्ञ हिल्डा टाबा यांनी केलं. परस्परावलंबन, संघर्ष, सत्ता, परंपरा अशा मोजक्या संकल्पना धरायच्या आणि इयत्तेगणिक नव्या उदाहरणांतून त्यांच्याकडे परतायचं, अशी त्यांची आखणी. सनावळ्यांपेक्षा हे शिकवायला कितीतरी अवघड, कारण शिक्षकाला मुलांनी आधी काय विचार केला होता हे माहीत असावं लागतं.

ब्रूनर स्वतःही 1960च्या दशकात या क्षेत्रात उतरले. 'मॅकोस' ('मॅन: अ कोर्स ऑफ स्टडी') या नावाने ओळखला जाणारा त्यांचा अभ्यासक्रम मुख्यतः पाचवीच्या मुलांसाठी होता. त्याची सुरुवातच सामन माशापासून. अंडी घालून आईबाप मरतात, पिल्लं एकटीच वाढतात. मग सीगल, तिथे आईबाप दोघंही पिल्लं सांभाळतात. मग बबून माकडांचा कळप. शेवटी उत्तर कॅनडाच्या बर्फात राहणारे नेटसिलिक लोक. दरवेळी प्रश्न तोच: लहानग्यांना कोण सांभाळतं, कोण शिकवतं? आणि मग माणूस म्हणजे नेमकं काय? एकाच वर्षात घातलेले सर्पिलाचे हे वेढे मला आजही लाजवाब वाटतात.

पालकांना मात्र वाटले नाहीत. नेटसिलिकांमधलं अन्नाच्या टंचाईत म्हाताऱ्यांना मागे सोडणं, अर्भकहत्या, हे विषय दहा वर्षांच्या मुलांसमोर? 1975 मध्ये प्रकरण थेट अमेरिकी संसदेत गेलं. ॲरिझोनाचे प्रतिनिधी जॉन कॉनलन यांनी सरकारी पैशावर बोट ठेवलं. अभ्यासक्रमाचा आधार तुटला आणि तो शाळांमधून ओसरत गेला.

कल्पना मात्र टिकली, जगभरच्या अभ्यासक्रमांत शिरली. आपल्याकडे ती पुस्तकांच्या आखणीत दिसते, प्रश्नपत्रिकेत फारशी नाही. चौथीत 'अष्टप्रधानांची नावे लिहा' आणि सातवीतही 'अष्टप्रधानांची नावे लिहा' असं विचारलं, तर वेढा वर चढतच नाही. राज्य चालवायला आठ खाती का लागली असतील, हा सातवीचा प्रश्न.