दिव्याच्या खोक्यावरचे आकडे आले कुठून?

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारताना दिसतं : "किती वॉटचा?" बाकीचं खोकं कुणी वाचत नाही. बिल कन्नडमध्ये येतं, खोकं इंग्रजीत असतं, त्यामुळे आपल्या माणसाला त्यातले आकडेच तेवढे आपले वाटतात. आणि त्यातलाही वॉटचा आकडाच ओळखीचा. ही सवय कुठून लागली ते समजून घेण्यासारखं आहे.

गोकाकच्या धबधब्यावर 1887 साली वीज तयार होऊ लागली, हे आपल्या जिल्ह्यात अभिमानाने सांगितलं जातं. त्या काळी जगभर उजेड मेणबत्तीत मोजला जाई. ब्रिटनमध्ये 1860 च्या कायद्याने ती मेणबत्तीही ठरवून दिली होती : देवमाशाच्या मेणाची, ताशी 120 ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास जळणारी. आपल्याकडच्या वराती आणि भजनं ज्या गॅसबत्तीच्या उजेडात झाली, तिची ताकदही लोक कॅन्डलमध्येच सांगायचे.

मग तारेचा पिवळा बल्ब घराघरात आला. सगळे बल्ब एकाच जातीचे, त्यामुळे जास्त वॉट म्हणजे जास्त उजेड हा हिशोब बरोबर ठरायचा. खरं तर वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचं माप. उजेडाचं माप लुमेन. ते फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ब्लोंदेल यांनी 1894 मध्येच सुचवलं होतं. पण दुकानात त्याची गरज कुणाला पडली नाही. नावं किती फसवी असतात ते आपल्या 'झिरो बल्ब'वरून कळतं. देव्हाऱ्यात रात्रभर जळणारा तो लहानसा बल्ब 15 वॉटच्या आसपास वीज घ्यायचा, तरी नाव झिरो.

एलईडीने हा हिशोब मोडला. स्वस्तात एलईडी दिवे देणारी केंद्राची उजाला योजना 5 जानेवारी 2015 ला सुरू झाली आणि कर्नाटकात ती 'होस बेळकु', म्हणजे नवा उजेड, या नावाने आली. जुन्या 60 वॉटच्या बल्बचा उजेड साधारण 700 लुमेन. तेवढा किंवा त्याहून जास्त आता 9 वॉटचा एलईडी देतो. दोन कंपन्यांच्या 9 वॉटच्या दिव्यांतही लुमेन सारखे नसतात. म्हणून आधी लुमेन बघावेत, वॉट मागाहून.

आपल्या भागाला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आयपीचा आकडा, म्हणजे दिव्यात धूळ-पाणी शिरण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. आमच्या जांबोटीकडच्या घरात सोप्याबाहेर एक देखणा काचेचा दिवा लावला होता. पहिल्याच पावसाळ्यात काचेत बोटभर तांबूस पाणी साचलं, त्यात किडे तरंगत होते आणि होल्डरच्या पितळेवर हिरवं चढलं होतं. उतरवून मागची पट्टी पाहिली : आयपी 20. त्यातल्या शून्याचा अर्थ पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. दिवा बैठकीच्या खोलीतला होता आणि आम्ही तो कणकुंबीच्या पावसाच्या शेजारी टांगला होता.

आयपीची ही पद्धत आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने 1976 मध्ये 529 क्रमांकाच्या मानकात बांधून दिली. त्याआधी 'वॉटरप्रूफ', 'डस्टप्रूफ' असे शब्द असायचे, पण किती पाणी आणि किती धूळ हे त्यातून कळत नसे. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, 0 ते 6. दुसरा पाण्याचा. 4 म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे चालतात. 5 साठी 6.3 मिलिमीटरच्या नळीने मिनिटाला 12.5 लिटर पाणी मारून बघतात. 7 साठी दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवतात. पण 7 आहे म्हणजे 5 आपोआप आलाच असं नाही. बुडवण्याची आणि फवाऱ्याची परीक्षा वेगळी आहे.

आपला जिल्हा या दोन आकड्यांत चांगला वाटला जातो. खानापूरच्या घाटपट्ट्यात दुसरा आकडा बघायचा. अथणीकडे उन्हाळ्याची धूळ, निपाणीच्या वखारीत तंबाखूचा भुकटा. तिथे पहिला आकडा 5 किंवा 6 हवा, नाहीतर काचेच्या आतून थर बसतो आणि वर्षभरात उजेड मंदावतो. घरातल्या खोलीला 20 पुरतो, तिथे जास्त पैसे घालू नयेत.

रंगाचा आकडा, सीआरआय, म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं 100 पर्यंतचं माप, 1960 च्या दशकात ट्यूबलाइटमुळे गरजेचं झालं. उजेड भरपूर, पण रंग फिके. खडेबाजारात साडी घेताना बायका ती दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायच्या, त्या हेच तपासत होत्या. शहापूर-वडगावच्या विणकराला धाग्याच्या छटा ओळखायच्या तर 80 पेक्षा 90 चा दिवा बरा, आणि लाल रंगाचा आर 9 हा आकडा वेगळा दिला असेल तर तोही बघावा. केल्विन फक्त उजेडाची छटा सांगतो : 2700 पिवळसर, 6500 निळसर पांढरा.

जांबोटीच्या सोप्यावर आता आयपी 65 चा दिवा आहे. लावताना वायरमन मागच्या बाजूला ड्रिलने नवं भोक पाडायला निघाला होता, त्याला थांबवलं. प्रयोगशाळेतली परीक्षा कंपनीने दिलेली भोकं बंद असताना झालेली असते. आपण आणखी एक पाडलं की 65 चा काही अर्थ राहत नाही. वायर खालून आत घेतली, वायरीभोवतीची फट बंद करणारी ग्लँड आवळली आणि पाणी ओघळून खाली पडावं म्हणून वायरीला दिव्याच्या खाली एक वळसा सोडला.